मारांडीच्या नावातील ‘इलिसिफोलियस’ : अर्थ, घडण आणि लेखन

ठाणे पूर्वेकडील कोपरी भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या शाळेतील मुले खाडीकाठच्या झाडांची ओळख करून देणारे फलक तयार करीत आहेत. मारांडी या खाडीकाठच्या झुडपाच्या ‘अकॅन्थस इलिसिफोलियस’ या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द त्यांना एका पुस्तकात एका ‘एल’ने लिहिलेला आढळला, तर एका अहवालात सुरुवातीलाच जोड ‘एल’ दिसला. त्याचा अर्थ कोणी ‘काटेरी पानांची’ असा सांगितला, तर कोणी ‘चक्रफुलासारख्या पानांची’ असा. भरीस भर म्हणजे मुलांनी पाहिलेल्या एका झुडपाच्या बऱ्याच पानांना काटेच नव्हते, त्यामुळे नाव चुकले की झाड, असा प्रश्न वर्गात उभा राहिला.

बाई, आधी निकाल सांगतो आणि मग त्यामागची कारणे. सुरुवातीला एकच ‘एल’ बरोबर आहे. संपूर्ण शब्दाची अक्षरे अशी आहेत: आय, एल, आय, सी, आय, एफ, ओ, एल, आय, यू, एस. देवनागरीत तो ‘इलिसिफोलियस’ असा लिहावा, ‘इल्लिसिफोलियस’ असा नाही. त्याचा अर्थ ‘इलेक्सच्या पानांसारखी पाने असलेला’ असा होतो. चक्रफुलाशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. ‘काटेरी पानांची’ हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो शब्दाचा अर्थ नसून त्या अर्थातून निघणारा परिणाम आहे. या दोहोंत फरक का करायचा, ते पुढे येईलच. फलकासाठी एवढे पुरेसे आहे. परंतु मुलांना कारण सांगता आले तर असले शब्द पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप बरोबर लिहिले जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘इलेक्स’ हा जुना लॅटिन शब्द आहे आणि त्याची कथा थोडी गुंतागुंतीची आहे. रोमन लोक ज्या झाडाला इलेक्स म्हणत असत, तो भूमध्य सागराभोवती वाढणारा एक सदाहरित ओक होता. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने वनस्पतींची नावे व्यवस्थित लावताना या ओकला ‘क्वेर्कस इलेक्स’ असे नाव दिले आणि ‘इलेक्स’ हेच नाव एका निराळ्या प्रजातीलाही (इंग्रजीत ‘जीनस’) दिले. ती प्रजाती म्हणजे इंग्रजीत ज्याला हॉली म्हणतात ते झाड. युरोपातील हॉलीचे शास्त्रीय नाव ‘इलेक्स अक्विफोलियम’ आहे. त्यामुळे वनस्पतिशास्त्रात ‘इलिसिफोलियस’ म्हणजे हॉलीसारख्या पानांचा, असाच अर्थ घ्यायचा असतो. योगायोग असा की, त्या जुन्या ओकची कोवळ्या झाडांवरील पानेही काटेरी कडांची असतात, त्यामुळे कोणताही इलेक्स धरला तरी डोळ्यांसमोर साधारण तशाच प्रकारचे पान येते. मारांडीला ‘अकॅन्थस इलिसिफोलियस’ हे नाव लिनीअसनेच १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात दिले आणि तेच आजपर्यंत टिकून आहे. ‘अकॅन्थस’ हे प्रजातीचे नावही काट्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. म्हणजे पहिला शब्द काट्यांचा आणि दुसरा काटेरी कडांच्या पानांचा.

आता लेखनाकडे वळू. ‘इलेक्स’पासून ‘इलेक्सिफोलियस’ का झाले नाही, हा प्रश्न हुशार विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. लॅटिनमध्ये नामाला प्रत्यय लागताना त्याचे मूळ रूप बदलते, जसे मराठीत ‘पाणी’चे ‘पाण्या’ होते आणि मगच ‘पाण्यात’ किंवा ‘पाण्याचा’ म्हणता येते. लॅटिन व्याकरणात या बदललेल्या अंगाला मोठे महत्त्व आहे, कारण समास त्यावरच उभा राहतो. ‘एक्स’ने संपणाऱ्या पुष्कळ नामांचे अंग ‘इक’ने संपते: ‘एपेक्स’चे ‘एपिक’, ‘कॉर्टेक्स’चे ‘कॉर्टिक’ आणि तसेच ‘इलेक्स’चे ‘इलिक’. वाळुंजाची प्रजाती ‘सॅलिक्स’ आहे आणि तिच्यासारख्या पानांसाठी ‘सॅलिसिफोलिया’ हा शब्द वापरतात. तेथेही हाच नियम आहे. या अंगाला ‘आय’ हा जोडस्वर लागतो आणि त्यापुढे पानासाठी असलेल्या ‘फोलियम’ या शब्दापासून झालेले विशेषण येते. इलिक, आय, फोलियस: एवढीच घडण आहे. ही तीन पदे सुटी करून फळ्यावर लिहिली की ‘एल’ किती, ‘सी’ किती आणि ‘एफ’च्या आधी कोणता स्वर, या तिन्ही शंका एकदमच मिटतात. अंगातला ‘सी’ लॅटिनमध्ये ‘क’ असाच उच्चारला जात असे, पण आपल्याकडे महाविद्यालयांतून इंग्रजी वळणाचा ‘स’ रुळला आहे. तो ठेवायला माझी हरकत नाही. नावाचा उच्चार कसा करावा याची सक्ती नामकरणाच्या नियमांची कोणतीही संहिता करीत नाही, लेखनाची मात्र करते.

मग जोड ‘एल’ येतो कुठून? तो केवळ शाळकरी चुकीतून येत नाही. छापील अहवालांत आणि शोधनिबंधांतही तो सापडतो, आणि एकाने लिहिले की पुढचे दहा जण त्यावरून उतरवतात. याचे एक कारण कानाचे आहे. मराठीत ‘कला’ आणि ‘कल्ला’ यांत ऐकतानाच फरक कळतो. इंग्रजी उच्चारात एकेरी आणि जोड ‘एल’ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे वर्गात ऐकून लिहिणाऱ्याला कानाचा आधार मिळत नाही. दुसरे असे की, शब्दात खरोखरच दोन ‘एल’ आहेत. पहिला इलेक्समधला आणि दुसरा फोलियममधला. ‘यात दोन एल आहेत’ एवढेच ज्याच्या लक्षात राहिले, तो ते दोन्ही आरंभी एकत्र टाकतो. तिसरे आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे चक्रफूल. आपल्या मसाल्यातील चक्रफुलाचे, म्हणजेच बादयानाचे, शास्त्रीय नाव ‘इलिसियम व्हेरम’ आहे आणि त्या ‘इलिसियम’च्या रोमन लेखनात खरोखरच जोड ‘एल’ आहे. तो शब्द भुलवणे किंवा आमिष दाखवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झालेला आहे आणि त्याचा रोख त्या झाडाच्या सुगंधाकडे आहे. जोड ‘एल’ पाहून कोणीतरी उलटा अर्थ लावला आणि त्यातून ‘चक्रफुलासारख्या पानांची’ ही समजूत निघाली असावी. वास्तविक चक्रफुलाच्या झाडाची पाने अखंड कडेची आणि काट्यांशिवाय असतात, तेव्हा मारांडीला ती उपमा देण्यात काही अर्थच नाही. यापुढची एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इलिसियमसारख्या पानांसाठी शब्द बनवायचाच ठरवला, तर इलिसियमचे अंग ‘आय’ने संपत असल्यामुळे आणि त्यापुढे जोडस्वराचा आणखी एक ‘आय’ येत असल्यामुळे ‘एफ’च्या आधी दोन ‘आय’ पडतील. म्हणजे जोड ‘एल’ आणि एकच ‘आय’ असे जे रूप प्रचारात दिसते, ते हॉलीसाठीही बरोबर नाही आणि चक्रफुलासाठीही नाही. त्याला अर्थच नाही.

दोन ‘आय’ लागोपाठ येणे डोळ्याला खटकते, पण असे एक झाड आपल्या येऊरच्या डोंगरातच आहे. धामणीचे नाव ‘ग्रेविया टिलिइफोलिया’ आहे. जुन्या ग्रंथांत त्यातला दुसरा शब्द ‘एफ’च्या आधीच्या ‘आय’ऐवजी ‘ए’ आणि ‘ई’ घालून लिहिलेला असतो, आणि धामणीवरच्या कित्येक फलकांवर अजूनही तसाच असतो. ‘टिलिया’ या युरोपातील झाडासारखी पाने, असा त्याचा अर्थ आहे. मूळ प्रकाशनात ‘टिलिया’च्या षष्ठीचे रूप घेऊन समास केला होता. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे ६० वे कलम लेखनाविषयी आहे. मूळ लेखकाने जसे लिहिले तसेच ठेवावे हा त्यातला सर्वसाधारण दंडक आहे, पण समासाच्या घडणीतल्या अशा ठरावीक चुका मात्र दुरुस्त करायच्या असतात आणि नाव मूळ लेखकाचेच राहते. म्हणून धामणीचे लेखन बदलले. मारांडीच्या बाबतीत अशा दुरुस्तीची गरजच नव्हती, कारण लिनीअसने पहिल्यापासून एकाच ‘एल’ने आणि योग्य जोडस्वराने लिहिले होते. तेव्हा ‘जुने रूप दोन एलचे होते आणि नंतर ते बदलले’ असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

शब्दाच्या शेवटाकडेही पाहायला हवे, कारण मुले माहितीजालावर शोध घेतील तेव्हा त्यांना ‘इलिसिफोलिया’ आणि ‘इलिसिफोलियम’ हीही रूपे भेटतील आणि तीही बरोबरच असतील. हे विशेषण आहे, आणि लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, जसे आपण चांगला, चांगली, चांगले म्हणतो. अकॅन्थस पुल्लिंगी आहे म्हणून ‘इलिसिफोलियस’. ऑस्ट्रेलियातील बँक्सिया स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘बँक्सिया इलिसिफोलिया’. आणि एरिंजियम नपुंसकलिंगी आहे म्हणून ‘एरिंजियम इलिसिफोलियम’. मात्र केवळ यमक जुळवून लिंग ठरत नाही. अमेरिकेतील एका ओकचे नाव ‘क्वेर्कस इलिसिफोलिया’ आहे, कारण झाडांची पुष्कळशी लॅटिन नावे ‘अस’ने संपत असूनही स्त्रीलिंगी मानली जातात. आपल्या पिंपळाचे ‘फायकस रिलिजिओसा’ हे नाव याच कारणाने तसे आहे. फलकांच्या याच रांगेत पांढरी चिप्पी असेलच; महाराष्ट्राने २०२० मध्ये तिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. तिच्या ‘सोनेरॅशिया आल्बा’ या नावातील ‘आल्बा’ही सोनेरॅशियाच्या स्त्रीलिंगामुळे आला आहे. दोन फलक शेजारी ठेवून मुलांना हे दाखवता येईल.

आता अर्थ, आणि तोही पान हातात घेऊन पाहू. मारांडीची समोरासमोर येणारी पाने जाड, चिवट आणि वरून चकचकीत गडद हिरवी असतात. कड सरळ जात नाही. ती आत वळते, बाहेर येते आणि बाहेर आलेल्या प्रत्येक टोकावर एक ताठ काटा असतो. पान उलटे करून उजेडासमोर धरले तर मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या ठळक उपशिरा थेट या काट्यांत जाऊन संपताना दिसतात. म्हणजे हा काटा पानावर वरून उगवलेला नसून शिरेचेच टोक कडेबाहेर आले आहे. पानाच्या बुडाशी खोडावर काट्यांची एक जोडी असते, ती वेगळी. नावाचा संबंध तिच्याशी नाही. भर दुपारी पाहिले तर पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, कारण खाऱ्या चिखलातून शोषलेले जास्तीचे मीठ हे झुडूप पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, नमुना घेताना हे काटे वर्तमानपत्राच्या एकाहून अधिक घड्यांतून आरपार जातात आणि शेजारच्या नमुन्याला भोके पाडतात, म्हणून मी मारांडीचे नमुने नेहमी जाड पुठ्ठ्यांमध्ये वेगळे दाबतो. शिवाय पान मांसल असल्यामुळे पहिले काही दिवस कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर ते काळे पडते आणि कडेचा आकार, म्हणजे नावाचा आधारच, ओळखू येत नाही.

हॉलीचे पान आपल्यापैकी बहुतेकांनी जिवंत पाहिलेले नसते. नाताळच्या दिवसांत ठाण्या-वाशीच्या दुकानांत लाल मण्यांसह हिरवी, टोकाटोकांची प्लॅस्टिकची पाने टांगलेली असतात, ती हॉलीचीच नक्कल असते. तीच लाटेसारखी कड, तीच चकाकी आणि प्रत्येक टोकावर तसाच काटा. मुलांना ते एक पान आणि मारांडीचे एक पान शेजारी ठेवून दाखवावे. लिनीअसला काय म्हणायचे होते, हे एका दृष्टिक्षेपात कळेल. पण त्याच वेळी हेही सांगायला हवे की साम्य तेवढ्यापुरतेच आहे. हॉलीची पाने एकाआड एक असतात, तिला लाल गोल फळे येतात आणि ते थंड प्रदेशातले झाड आहे. मारांडी भरतीच्या पाण्यात उभी राहते. तिची निळसर जांभळी फुले एकाच खालच्या ओठाची असतात, वरचा ओठ नसतोच. फळ वाळले की फटकन फुटून बिया दूर फेकते. नात्याने ती अडुळसा, कोरांटी आणि येऊरच्या डोंगरातील कारवी यांच्या कुळातली आहे, आणि अलीकडच्या वर्गीकरणानुसार खाडीतील तिवरही त्याच कुळात गणली जाते. इलेक्सशी तिचे जवळचे नाते नाही. ‘फोलियस’ने संपणारा शब्द फक्त पानाच्या रूपाची हमी देतो, नात्याची नाही.

मुलांच्या बिनकाट्याच्या पानांकडे येतो. त्यांनी जे पाहिले ते खरे आहे आणि त्यांचे कौतुक करायला हवे, कारण अनेक मोठी माणसे एवढे निरखून पाहत नाहीत. मारांडीच्या पानांच्या काट्यांत पुष्कळ फरक आढळतो. उघड्यावर, कडक उन्हातल्या झुडपांवर काटे भरपूर असतात. मोठ्या तिवरांच्या दाट सावलीत वाढलेल्या झुडपांवर कडा जवळजवळ अखंड असलेली पाने सापडतात, आणि कधी एकाच फांदीवर दोन्ही प्रकार मिळतात. विशेष म्हणजे हॉलीतही असेच घडते. खालच्या फांद्यांवर पाने काटेरी आणि उंचावर ती पुष्कळदा बिनकाट्याची असतात. म्हणून फुले किंवा फळे पाहिल्याशिवाय, केवळ पानांना काटे नाहीत एवढ्यावरून ही मारांडी नव्हे असे ठरवू नये. नाव चुकले का, याचे उत्तर संहितेच्या ५१ व्या कलमात आहे. वर्णनात्मक शब्द एखाद्या झाडाला पूर्णपणे लागू पडत नाही, एवढ्या कारणाने वैध नाव रद्द करता येत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. नाव हे वर्णनासारखे दिसले तरी त्याचे काम झाडाकडे बोट दाखवण्याचे आहे. संपूर्ण वर्णन स्वतंत्र लिहायचे असते.

राहता राहिले मराठी भाषांतर. फलकावर नुसते ‘काटेरी पानांची’ असे लिहिण्यास माझा विरोध का, ते येथे सांगतो. काट्यासाठी लॅटिनमध्ये स्वतंत्र शब्द आहेत आणि ‘स्पायनोसस’सारखी विशेषणे त्यांच्यापासूनच होतात. उद्या हीच मुले असा शब्द असलेले दुसरे एखादे नाव वाचतील तेव्हा दोन भिन्न शब्दांना एकच मराठी अर्थ दिल्यामुळे त्यांचा गोंधळ होईल. उलट, नुसते ‘हॉलीसारख्या पानांची’ असे लिहिले तर ज्याने हॉली पाहिलेली नाही त्याला काहीच कळणार नाही. म्हणून दोन्ही एकत्र घेऊन ‘हॉलीसारख्या काटेरी कडेच्या पानांची’ असे लिहावे, हा माझा सल्ला आहे. ‘कडेच्या’ हा शब्द गाळू नये, कारण काटा नेमका कुठे आहे हे त्याच एका शब्दाने कळते. ‘दंतुर’ किंवा ‘करवती’ हे पारिभाषिक शब्द येथे अपुरे पडतात. त्यांत दाते आहेत, पण टोचणारा काटा नाही.

फलकावर पहिल्या ओळीत ‘मारांडी’ मोठ्या अक्षरांत असावे, त्याखाली रोमन लिपीत तिरप्या अक्षरांतील शास्त्रीय नाव, मग देवनागरीत ‘अकॅन्थस इलिसिफोलियस’ आणि शेवटी वरील अर्थ. शास्त्रीय नावात प्रजातीचे पहिले अक्षर कॅपिटल आणि दुसरा शब्द पूर्णपणे लहान अक्षरांत असतो. हा नियम येथे केवळ शिष्टाचार नाही. संगणकावरील पुष्कळशा साध्या, बिनशेपटीच्या (सॅन्स-सेरिफ) टायपांत कॅपिटल ‘आय’ आणि लहान ‘एल’ हे दोन्ही हुबेहूब एका उभ्या रेघेसारखे दिसतात. कोणी दुसरा शब्द कॅपिटल ‘आय’ने सुरू केला की आरंभी दोन ‘एल’ असल्यासारखे दिसते, आणि पुढचा माणूस ते तसेच उतरवतो. तेव्हा मजकूर छपाईला देताना शेपटीचे टाइप वापरण्यास सांगावे, मोबाइलवर लिहून पाठवण्याऐवजी छापलेला कागद द्यावा आणि पहिली प्रत हाती आल्यावर ती अकरा अक्षरे एका मुलाने मोठ्याने वाचावीत व दुसऱ्याने पुस्तकातील अक्षरांशी एकेक करून ताडून पाहावीत. रांगेत गेवा या खाडीकाठच्या झाडाचा फलक असल्यास त्याच्या ‘एक्सिकॅरिया’ या नावातील ‘एक्स’नंतरचा ‘सी’ गळला नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. तोही फार वेळा गळतो.